गोष्ट वाचलेली दिसत नाही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण. बोलण्यातला सैलपणा तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सकाळी नाश्त्याच्या रांगेत उभा होतो, तेव्हापासून आतापर्यंत मला एकच प्रश्न निदान दहा जणांनी विचारला. "काय बे, अजून चित्रंच काढून राहिला का?" उत्तर एकदाच सगळ्यांना देऊन टाकतो. हो, अजून चित्रंच काढून राहिलो. चौतीस वर्षं झाली. घर त्याच्यावरच चाललं, म्हणजे बरंचसं चाललं. उरलेलं बायकोच्या पगारावर. ती समोरच बसली आहे, त्यामुळे खोटं बोलायची सोय नाही.

माझ्याआधी डॉक्टर बोलले, कर्नलसाहेब बोलले, वीज मंडळातले इंजिनिअर बोलले. त्यांचं काम काय असतं हे सांगावं लागत नाही. माझं सांगावं लागतं. मी भिंतीवर लावायची चित्रं काढत नाही. गोष्टीबरोबर, कवितेबरोबर, पाठ्यपुस्तकातल्या धड्याबरोबर जे चित्र छापून येतं, ते काढतो. मुखपृष्ठं करतो. आमचं चित्र एकटं कधी येत नाही, कुणाच्या तरी मजकुराचा हात धरून येतं.

तुम्ही म्हणाल, अशा चित्रकारांना आम्ही कुठे ओळखतो? ओळखता. सत्तरच्या दशकात बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत हसरी चित्रं होती, ती शि. द. फडणीसांची. गणिताच्या तासाला बाकाखाली आपण अमर चित्र कथा वाचायचो. त्यातला 'कृष्ण' राम वाईरकरांच्या हातचा. पुढे 'टिंकल'मधल्या सुप्पंदीला चेहरा दिला तोही त्यांनीच. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची ती झगझगीत मुखपृष्ठं आणि अनेकांच्या देवघरातले कॅलेंडरवरचे देव रघुवीर मुळगावकरांचे. म्हणजे आपल्या लहानपणी आपण जे पाहिलं, त्यातलं पुष्कळसं या मंडळींनी आपल्याला दाखवलं. फक्त नाव कुणी वाचलं नाही. मीही वाचलं नव्हतं. मला ते वाचायला लावलं आपल्या ड्रॉइंगच्या सरांनी.

सर आज आपल्यात नाहीत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षांना त्यांनी मला बसवलं, फी एकदा स्वतःच्या खिशातून भरली. ते जुने दिवाळी अंक आणायचे आणि चित्राच्या कोपऱ्यातली सही शोधायला लावायचे. "दलाल" ही सही मी अशीच पहिल्यांदा वाचली. सर म्हणायचे, "आधी सही शोध, मग माणूस शोध, मग त्यानं काय सोडून दिलं ते शोध." यातलं शेवटचं वाक्य कळायला मला वीस वर्षं लागली.

आता मूळ विषयावर येतो. मागच्या महिन्यात आपल्यातल्याच एकाचा फोन आला. नाव सांगत नाही, तो तिकडे मागे बसून हसतो आहे. म्हणाला, "अबे, पोरगी म्हणते मले इलस्ट्रेटर व्हायचं आहे. आता त मशीनच चित्र काढून देते म्हणतात. तू ह्यातच आहे ना, खरं सांग. टाकू का तिले ह्यात?" फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोललो. त्या दिवशी नीट उत्तर दिलं नाही याची रुखरुख आहे. म्हणून आज देतो, आणि सगळ्यांसमोर देतो.

पहिली गोष्ट पोटापाण्याची, कारण बापाचा प्रश्न खरा तोच असतो.

मराठीत या कामावर जगलेल्या माणसांकडे पाहिलं, तर मला तीन वाटा दिसतात. एक वाट दीनानाथ दलालांची. मूळ गोव्याचे, जन्म १९१६ चा. लोक आपली चित्रं छापतील याची वाट पाहत न बसता त्यांनी १९४५ मध्ये स्वतःचं 'दीपावली' काढलं. चित्रकारच संपादक, चित्रकारच मालक. १९७१ मध्ये ते गेले. वय काय, तर पंचावन्नसुद्धा पूर्ण नाही. दुसरी वाट मुळगावकरांसारखी, अफाट काम करण्याची. मुखपृष्ठं, कॅलेंडरं, अंक, जे येईल ते, आणि हाताला असा वेग की बघणारा थक्क व्हावा. तिसरी वाट वसंत सरवट्यांची. ते इंजिनिअर होते, एसीसी या सिमेंट कंपनीत निवृत्तीपर्यंत नोकरी केली, आणि चित्रं उरलेल्या वेळात काढली. 'उरलेल्या वेळात' म्हटल्यावर हौस वाटते. पण त्यांची रेषा पाहून कुणी त्याला हौस म्हणणार नाही. नोकरीमुळे त्यांना नको ते काम नाकारता येत असेल, असं मला नेहमी वाटतं.

मी तिसऱ्या वाटेनं गेलो. नागपुरातून चित्रकला महाविद्यालयाची पदविका घेतली आणि एका जाहिरात संस्थेत बारा वर्षं नोकरी केली. दिवसा साड्यांच्या सेलच्या जाहिराती, रात्री कथाचित्रं. पहिल्या कथाचित्राचे ७५ रुपये मिळाले. ते घेऊन मी सीताबर्डीला गेलो आणि ८० रुपयांचे ब्रश घेऊन आलो. धंद्यात पहिल्याच दिवशी पाच रुपये तोटा. सासरे लग्नाआधी म्हणाले होते, "चित्रं काढता ते ठीक, पण करता काय?" त्यांना नोकरी दाखवता आली म्हणून आज ही समोर बसलेली आहे.

आमच्या कामाला ऋतू असतो. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी चित्रकाराचं वर्षाचं वेळापत्रक कायमचं ठरून गेलं. लोकांची दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आमची जुलै ते सप्टेंबर. त्या तीन महिन्यांत मी लग्न, बारसं, तेरवी काहीच केलेलं नाही. गोष्ट सोमवारी येते, चित्र गुरुवारी हवं असतं. आणि पैसे? ते पुढच्या दिवाळीच्या आत आले तर संपादक सज्जन समजायचा.

नागपूरचा उन्हाळा हा आणखी एक प्रकार. मे महिन्यात टाकाची शाई कागदावर टेकण्याआधी निबवरच वाळते. कुलर लावला तर त्याच्या ओलाव्यानं कागद फुगतो आणि सरळ रेष पोळीसारखी वर येते. मी वर्षानुवर्षं उन्हाळ्यात पहाटे चार ते आठ काम केलं आहे. आता स्क्रीनवर काढतो, शाई वाळायचा प्रश्न मिटला. पण पहाटेची सवय राहिली.

आता चित्र होतं कसं, ते सांगतो. लोकांना वाटतं, गोष्ट आली की आम्ही पेन्सिल घेतो. मी पेन्सिल लांब ठेवतो. पहिल्यांदा गोष्ट नुसती वाचायची, वाचकासारखी. दुसऱ्यांदा वाचताना समासात खुणा करायच्या: वेळ कोणती, ऋतू कोणता, अंगावर काय आहे, घरात वस्तू कोणत्या. मग काडेपेटीएवढ्या चौकटी आखायच्या आणि एकेका चौकटीत एकेक प्रसंग टाकून बघायचा. आठ-दहा चौकटी होतात. त्यातला बहुतेक वेळा पहिला प्रसंग टाकून द्यावा लागतो, कारण तो सगळ्यांनाच सुचतो. आणि गोष्टीचा शेवट कधी चित्रात आणायचा नाही. वाचक पान उलटतो तेव्हा त्याची नजर आधी चित्रावर जाते. खून कुणी केला हे चित्रानंच सांगितलं, तर लेखकानं रात्री जागून लिहिलं कशाला?

मग शोधाशोध. तलवार काढायची असेल तर अजब बंगल्यात जायचं. ते संग्रहालय १८६३ पासून आपल्या शहरात आहे आणि आपण शाळेच्या सहलीनंतर तिथे फिरकत नाही. प्राणी हवे असतील तर महाराजबाग. गर्दीत माणसं उभी कशी राहतात, मान कशी वळवतात हे बघायला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक. काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा इतवारीतल्या एका ओट्यावर बसून मी जेवढं शिकलो, तेवढं कुठल्या वर्गात शिकलो नाही.

या बाबतीत आपल्याकडचाच एक मोठा माणूस सांगतो: द. ग. गोडसे. बालपण सावनेरला, कॉलेज नागपूरला, पुढे लंडनला जाऊन कला शिकले. मुखपृष्ठं केली, कथाचित्रं केली, नाटकांचं नेपथ्य केलं. एखाद्या काळातलं वस्त्र, दागिना, वास्तू कशी होती हे शोधताना माणूस इतका खोल गेला की त्यातून 'पोत' आणि 'मस्तानी' अशी पुस्तकं झाली. चित्रकारानं किती वाचावं, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

हे आज मी मोठ्या तोऱ्यात सांगतो आहे. पण एकदा मी यातलं काहीच केलं नव्हतं, ते आता सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका दिवाळी अंकासाठी कथा आली. आपल्या विदर्भातलीच. एका बाईचं शेत गेलेलं आहे, आणि ती दुसऱ्याच्या शेतात, म्हणजे एके काळी तिच्याच असलेल्या शेतात, कापूस वेचायला मजुरीनं जाते. सप्टेंबर महिना होता, टेबलावर नऊ कथा पडलेल्या. मी पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं आणि चित्राला बसलो. तेव्हा दलालांचा माझ्यावर जबरदस्त पगडा होता. पांढरंशुभ्र शेत, त्यात एक देखणी बाई, नऊवारी, नाकात नथ, काखेत टोपली, वाऱ्यावर पदर. चित्र सुरेख झालं. संपादकांनी फोन करून कौतुक केलं. मी ते फ्रेम करून लावणार होतो.

दिवाळीनंतर एक पोस्टकार्ड आलं. अक्षर ओळखीचं वाटलं. आपल्या मराठीच्या बाईंचं होतं. तेव्हा त्या निवृत्त होऊन गावी राहत होत्या. कार्डावर चार ओळी होत्या. मजकूर असा, की अंकात तुझं नाव पाहून आनंद झाला, चित्र सुंदर आहे, गोष्ट मात्र वाचलेली दिसत नाही. आणि खाली, एकदा घरी ये.

मी रागावलो. दोन दिवस रागावलेला होतो. तिसऱ्या दिवशी गोष्ट काढून पहिल्यांदा पूर्ण वाचली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की बाईनं नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवला आहे. मला ते दिसलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी एसटीनं बाईंच्या गावी गेलो. त्यांनी चहा दिला आणि सरळ शेतावर नेलं. वेचणी चालू होती. नथ कुठे नव्हती. प्रत्येकीच्या अंगात साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, कमरेला कापडाची ओटी बांधलेली. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना ओरबाडतात, म्हणून शर्ट. टोपली कुणाच्याच काखेत नव्हती, कारण वेचायला दोन्ही हात मोकळे लागतात. ओटी भरत जाते तसं पोट पुढे आल्यासारखं दिसतं आणि चाल बदलते. संध्याकाळी बांधावर काटा लागला. दिवसभर वेचलेला कापूस किलोवर मोजायचा, त्यावर मजुरी. त्या क्षणी सगळ्या बायकांचं बोलणं थांबलं आणि सगळ्यांचे डोळे एका काट्यावर गेले. मी वही काढली, पण बराच वेळ काही काढू शकलो नाही. माझ्या चित्रात तो शुभ्र कापूस होता. तो मोजणारा काटा नव्हता. आणि गोष्ट तर काट्याचीच होती.

काही वर्षांनी ती कथा संग्रहात आली. मी लेखकांना पत्र लिहून विचारलं की चित्र पुन्हा काढून देऊ का, मानधन नको. नव्या चित्रात बाईचा चेहरासुद्धा नाही. एक काटा आहे, गाठोडं आहे, आणि गाठोडं सोडताना थोडा रेंगाळलेला एक हात आहे, शर्टाच्या बाहीतला. सर म्हणायचे ते "काय सोडून दिलं" तेव्हा मला कळलं. सरवट्यांनी 'ललित'मध्ये ठणठणपाळाला रूप दिलं, हातात हातोडा दिला. लिहिणारे जयवंत दळवी पडद्याआड होते, वाचकांना दिसायचा तो सरवट्यांचा ठणठणपाळ. हातोडा का सुचला असेल? सदर नीट वाचल्याशिवाय तो सुचत नाही.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मघाशी मी त्यांच्या पाया पडलो आणि विचारलं, बाई, ते कार्ड आठवतं का? त्या म्हणाल्या, "नाही रे. मी तेव्हा पुष्कळांना कार्डं लिहायची." बाई, तुम्ही विसरलात हे बरं झालं. मी नाही विसरलो.

आता मशीनचं. फोन आल्यानंतर मी मुलाकडून ते संगणकावर उघडून घेतलं आणि मुद्दाम एकच चित्र मागितलं: विदर्भात कापूस वेचणारी बाई. अर्ध्या मिनिटात चित्र आलं. रंग छान, प्रकाश छान. पांढरंशुभ्र शेत, देखणी बाई, नाकात नथ, काखेत टोपली, हसते आहे. मी खुर्चीतच मागे टेकलो. तीस वर्षांपूर्वी मी केलेली चूक तिनं जशीच्या तशी केली होती, आणि माझ्यापेक्षा सफाईनं केली होती. मुलगा म्हणाला, बाबा, शर्ट सांगा, ओटी सांगा, मग ते काढेल. खरं आहे, काढेल. पण शर्ट सांगायचा हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या शेतात कुणीतरी नेलेलं असतं.

मित्रा, यावरून मशीन घाबरण्यासारखं नाही असं मी म्हणणार नाही. माझीच किरकोळ कामं गेली आहेत. शुभेच्छापत्रं, पुरवणीतली कोपऱ्यातली चित्रं, "काहीतरी टाका" म्हणून मागवलेली चित्रं. नवीन मुलं याच कामांवर हात बसवायची. ती पायरी मोडली आहे आणि तिच्या जागी काय येईल हे मला सांगता येत नाही. जे काम न वाचता होत होतं, ते गेलं. वाचून होणारं काम अजून येतं, कमी येतं, पण येतं.

तर माझं उत्तर. पहिलं, "टाकू का" असं विचारू नको. पोरगी पिशवी नाही. तिलाच विचार की ती काय वाचते. वाचत असेल, आणि चार तास एका जागी बसून माणसं बघत असेल, तर तिला येऊ दे. दुसरं, पहिली दहा वर्षं तिच्या हाताशी दुसरी मिळकत असू दे. त्यात कमीपणा नाही. तिसरं, काम घेताना तोंडी काही ठरवू नको म्हणावं. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. आणि हक्क विकले तरी ते चित्र आपलं आहे हे सांगण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे चित्रकाराकडेच राहतो. मी हे चाळिशीनंतर वाचलं. तोवर माझी शंभरेक मूळ चित्रं छापखान्यांतून परत आली नाहीत, आणि काही चित्रं माझ्या सहीचा कोपरा कापून पुन्हा छापली गेली. त्याबद्दल आता कुणाशी भांडण नाही. पण तिच्या बाबतीत ते होऊ नये.

आणि चौथं. तिला एकदा माझ्याकडे पाठव. पहाटे चारला मी उठलेलाच असतो, पण एवढ्या लवकर नको. सहाला ये म्हणावं. तिची चित्रं मी नंतर बघीन, आधी एक गोष्ट वाचायला देईन.

तुमच्यासाठीही एक छोटं काम आहे. आज घरी गेल्यावर नातवंडांचं कुठलंही पुस्तक उघडा आणि चित्र कुणाचं आहे ते शोधा. बहुतेक नाव आतल्या पानावर बारीक अक्षरांत असेल. ते मोठ्यानं वाचून दाखवा. सरांनी आपल्याला एवढंच तर शिकवलं होतं.